ड्यूटी-तक्ता आणि ‘अवघड’ माणसे

चोवीस तास चालणाऱ्या एका तांत्रिक मदत-कक्षाचा पदभार मी स्वीकारला, तेव्हा आधीच्या विभागप्रमुखांनी माझ्याकडे दोन गोष्टी सोपवल्या. पहिली म्हणजे रिक्त पदांच्या पत्रव्यवहाराची फाइल. दुसरी गोष्ट कुठेही लिहिलेली नव्हती, पण त्यांनी ती अगदी तपशीलवार सांगितली. ती होती विभागातल्या ‘अवघड’ माणसांची यादी. एक जण ग्राहकांशी उद्धटपणे बोलतो, एक सहकारी नेमकी गरजेच्या दिवशी गैरहजर राहते, एक ज्येष्ठ तंत्रज्ञ आपल्याजवळचे ज्ञान कोणाला देत नाहीत, आणि एका पाळीप्रमुखाशी नव्या मुलांचे पटत नाही, पण तो कामाला वाघ आहे, असे त्या यादीचे सार होते. “या चौघांना सांभाळलंत की विभाग आपोआप चालेल,” असे सांगून त्यांनी निरोप घेतला. पुढच्या काळात मला जे दिसले ते थोडे वेगळे होते. यादीतल्या तिघांचे वागणे आणि रिक्त पदांची फाइल हा बहुतांशी एकच विषय होता. चौथ्याचे वागणे मात्र मनुष्यबळाच्या कोणत्याही हिशेबात बसणारे नव्हते. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढण्यातच माझी बरीच शक्ती खर्च झाली.

“आधी एकदोघांना चांगली समज द्या, म्हणजे बाकीचे सरळ होतील,” असा सल्ला मला अनेकांनी दिला. तो मी मानला नाही, आणि त्यामागे फार मोठे औदार्य होते असेही नाही. मी विभागात कोणालाच ओळखत नव्हते. प्रत्येकाकडून मला दुसऱ्याविषयी काही ना काही ऐकू येत होते, आणि या सगळ्यात ज्याचे कोणतेही हितसंबंध गुंतलेले नाहीत असा एकच साक्षीदार माझ्यासमोर होता, तो म्हणजे हजेरीपट. म्हणून मी हजेरीपट, रजेचे अर्ज, ओव्हरटाइमची देयके आणि येणाऱ्या फोनची तासवार नोंद एकत्र मांडून बसले.

हिशेब अवघड नव्हता, पण तो कोणी केलेला नव्हता. कक्षात सकाळ, दुपार आणि रात्र अशा आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या होत्या आणि प्रत्येक पाळीत चार आसने भरलेली असावीत अशी अपेक्षा होती. मंजूर पदे १४ होती : तीन पाळ्यांची १२, आणि रजा राखीव म्हणून २. वरवर पाहता हे पुरेसे वाटते, आणि वरिष्ठांनाही तसेच वाटत होते. परंतु वर्षाचे ८,७६० तास असतात, म्हणजे चार आसने अखंड चालू ठेवायला ३५,०४० मनुष्य-तास लागतात. आठवड्याला ४८ तास काम करणारा माणूस वर्षाला २,४९६ तास देतो. ही ४८ तासांची मर्यादा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ साली आपल्या पहिल्याच करारात औद्योगिक कामासाठी घालून दिलेली आहे. या तासांतून रजा आणि सुट्ट्यांचे ३० दिवस, आजारपण आणि प्रशिक्षणाचे १४ दिवस वजा केले की प्रत्यक्ष हाती येतात सुमारे २,१४४ तास. याचा अर्थ एक आसन भरायला तीन नव्हे, तर चारहून थोडी अधिक माणसे लागतात. चार आसनांना १७ माणसे लागतात, आणि पाळी बदलताना काम सोपवण्यासाठी जी पाच-दहा मिनिटे दोन्ही पाळ्या एकत्र थांबतात, तीही या १७ मध्येच बसवावी लागतात. मंजूर पदे १४ आणि प्रत्यक्षात भरलेली १२ होती. म्हणजे ज्याला आम्ही ‘दोन रिक्त पदे’ म्हणत होतो ती तूट खरे तर पाच माणसांची होती, आणि ती भरून काढायची तर प्रत्येकाला आठवड्याला जवळजवळ दोन जादा पाळ्या कराव्या लागत होत्या. सगळी तूट ओव्हरटाइमने भरणे शक्यच नव्हते, त्यामुळे उरलेल्या वेळी चौथे आसन रिकामे राहत होते.

रिकाम्या आसनाचा परिणाम किती होतो, याचा अंदाज साध्या त्रैराशिकाने येत नाही. चारांऐवजी तीनच जण असले तर ग्राहकाला थोडे जास्त थांबावे लागेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात रांगेचे गणित फार वेगळे वागते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती अ‍ॅग्नर क्रारुप एर्लांग यांनी १९०९ आणि १९१७ साली या विषयाचा पाया घातला, आणि फोन घेणाऱ्या कक्षांचे मनुष्यबळ आजही त्यांच्या सूत्रांवर ठरते. रांगेचे सर्वांत साधे गणित, म्हणजे एकच माणूस आणि एकच रांग, घेतले तरी मुद्दा स्पष्ट होतो. माणूस ७० टक्के वेळ गुंतलेला असेल तर रांगेतली सरासरी प्रतीक्षा एका कामाला लागणाऱ्या वेळेच्या सव्वादोनपटीच्या आसपास असते. ८० टक्क्यांना ती चौपट होते, ९० टक्क्यांना नऊपट. आमच्याकडे चार जण बसले तर प्रत्येक जण साधारण ७० टक्के वेळ व्यग्र असे. तेच काम तिघांवर आले की व्यग्रता ९३ टक्क्यांवर जाते, आणि साध्या गणितात ही प्रतीक्षा चौदापट निघते. अनेक माणसे मिळून एकच रांग हाताळत असतील तर प्रत्यक्ष आकडे यापेक्षा पुष्कळ कमी भरतात, पण वक्ररेषेची चढण तशीच राहते. थोडक्यात, एक माणूस कमी झाला की रांग थोडीशी वाढत नाही, ती तुंबते. तुंबलेल्या रांगेतून आलेला ग्राहक फोन लागताक्षणी ओरडायला लागतो, आणि ज्याच्यावर दिवसभर ओरडले जाते तो संध्याकाळपर्यंत उद्धट झालेला असतो.

या गणितातून पैसे न लागता करता येण्याजोगी एक सुधारणा लगेच निघाली. चार आसनांसाठी विषयवार चार वेगळ्या रांगा होत्या, त्यामुळे एकीकडे रांग लांबलेली असताना शेजारचा सहकारी मोकळा बसलेला असे. आम्ही त्या एकत्र करून दोन केल्या. एकच रांगही करता आली असती, पण जुन्या प्रणालीचे प्रश्न सोडवणारे फार थोडे होते, त्याविषयी पुढे लिहिते.

मग मी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलायला सुरुवात केली. बोलण्याआधी स्वतःसाठी एक नियम केला की माणसाचे विशेषण वहीत लिहायचे नाही, घडलेली घटना लिहायची. या पद्धतीला शास्त्रीय रूप देणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या निवडीवर आणि प्रशिक्षणावर काम केले होते, आणि १९५४ साली त्यांनी ती सविस्तर मांडली. काय परिस्थिती होती, माणसाने नेमके काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला, एवढ्याच तीन गोष्टी नोंदवायच्या. ‘उद्धट आहे’ या शेऱ्यावर कोणाशीही चर्चा होऊ शकत नाही, फक्त भांडण होते. ‘ग्राहक तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारत असताना फोन मध्येच ठेवला, त्यानंतर ग्राहकाने लेखी तक्रार केली’ या नोंदीवर मात्र दोन माणसे बसून बोलू शकतात. आधीच्या फाइलमध्ये विशेषणांचा सुकाळ होता, घटना मात्र दोनचारच होत्या. पुढे या नोंदींचा आणखी एक उपयोग झाला. घटनेची तारीख आणि वेळ असल्यामुळे ती ड्यूटी-तक्त्याशेजारी ठेवून पाहता आली.

उद्धट म्हणून प्रसिद्ध असलेल्या सहकाऱ्याच्या बाबतीत ते लगेच दिसले. त्याच्याविरुद्धच्या बहुतेक तक्रारी सकाळच्या पाळीतल्या होत्या, आणि त्यांतही ज्या दिवशी तो आदल्या रात्री दहाला दुपारची पाळी संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा हजर झाला होता, त्या दिवसांच्या. मध्ये आठ तास. त्यातून जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा वेळ वजा केला तर झोपेला उरणार काय? सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकाच अडखळतो, असे डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले आहे. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार दर चोवीस तासांत सलग ११ तास विश्रांती मिळणे हा कामगाराचा हक्क आहे. आमच्यावर तो निर्देश बंधनकारक नव्हता, पण आकडा वापरायला कोणाची हरकत नव्हती. दुपारच्या पाळीनंतर लगेच सकाळची पाळी लावायची नाही, असा नियम मी तक्त्यात घातला. तो पाळण्यासाठी इतर काही जणांच्या पसंतीच्या पाळ्या हलल्या आणि त्यांची नाराजी मला काही आठवडे सोसावी लागली.

त्या सहकाऱ्याविरुद्धच्या तक्रारी पुष्कळ कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. पुरेशी झोप मिळूनही ग्राहकाचे बोलणे मध्येच तोडण्याची सवय उरलीच. हा उरलेला भाग त्याचा स्वतःचा होता, आणि त्याच्यावर त्याच्याशी स्पष्ट बोलणे आता न्याय्य होते. त्याचेच दोन ध्वनिमुद्रित संभाषणाचे नमुने आम्ही शेजारी बसून ऐकले. पहिला संपल्यावर तो म्हणाला, “मॅडम, हे मी बोललोय असं वाटत नाही.” दुसरा नमुना चांगला होता, आणि तो मी मुद्दाम निवडला होता, कारण कसे बोलायला हवे हे त्याला माहीत आहे, याचा पुरावा त्याच्याच आवाजात होता.

सतत गैरहजर राहणाऱ्या सहकारी बाईंचा प्रश्न मला वाटला होता त्यापेक्षा साधा निघाला. आमचा तक्ता आठवडा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी लागत असे. त्यांच्या घरी नियमित उपचार चालू असलेले आजारी माणूस होते आणि उपचारांच्या तारखा महिनाभर आधी ठरत. दोन दिवसांत पाळी बदलून मागणे म्हणजे कोणाच्या तरी पाया पडणे, त्यापेक्षा आजारी असल्याचे कळवणे त्यांना कमी अपमानाचे वाटत होते. आम्ही तक्ता चार आठवडे आधी लावायला सुरुवात केली, आणि दोघांच्या सह्या असतील तर आपसांत पाळी बदलून घ्यायला माझी परवानगी लागणार नाही, फक्त माहिती द्यावी लागेल, असे ठरवले. हा बदल एका माणसासाठी केलेला नव्हता, तो सगळ्यांना लागू होता, म्हणूनच तो टिकला. एका माणसाला दिलेली सवलत विभागात फार काळ गुप्त राहत नाही आणि ती देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही महागात पडते. या व्यवस्थेचा गैरफायदाही घेतला गेला. एक तरुण सहकारी आपल्या बहुतेक रात्रपाळ्या दुसऱ्याच्या गळ्यात घालू लागला, तेव्हा महिन्याला किती पाळ्या बदलता येतील यावर मर्यादा घालावी लागली.

ज्येष्ठ तंत्रज्ञांकडे मात्र पुष्कळ वेळ द्यावा लागला, आणि तो पूर्ण कारणी लागला असे आजही म्हणता येणार नाही. जुन्या प्रणालीची अंतर्गत रचना पूर्णपणे त्यांनाच माहीत होती. ते रजेवर गेले की त्या प्रणालीचे प्रश्न ते परत येईपर्यंत साचत, आणि त्यामुळे ते फारशी रजाही घेत नसत. ही गोष्ट निष्ठेची म्हणून कौतुकाने सांगितली जाई. मला ती विभागाच्या दृष्टीने धोक्याची वाटत होती. बँकांमध्ये नाजूक जबाबदारीच्या पदांवरील माणसाला वर्षातून काही दिवस सक्तीने सलग रजेवर पाठवण्याची पद्धत आहे. तिचा मुख्य हेतू गैरव्यवहार उघडकीस आणण्याचा असला, तरी माणसावाचून काम कुठे अडते हेही त्यातून कळते. माहिती लिहून काढण्याविषयी मी त्यांच्याशी बोलले तेव्हा त्यांनी सरळ विचारले, “सगळं लिहून दिलं की माझी गरज काय उरली?”

हा प्रश्न त्यांच्या जागी योग्यच होता, आणि ‘असं काही नसतं, तुमची गरज कायमच राहणार’ असे पोकळ उत्तर देऊन चालणार नव्हते, कारण पूर्वी अशाच एका सहकाऱ्याला माहिती सोपवून झाल्यावर बाजूला सारलेले त्यांनी पाहिले होते. मी लेखी काय देऊ शकते याचा शोध घेतला. प्रशिक्षणाची जबाबदारी त्यांच्या पदाच्या कर्तव्यसूचीत घातली, तिच्यासाठी वार्षिक मूल्यमापनात स्वतंत्र गुण ठेवले आणि प्रत्येक कार्यपद्धतीच्या टिपणावर लेखक म्हणून त्यांचे नाव छापले. लिहिण्याची त्यांना मनापासून नावड होती, म्हणून एक कनिष्ठ सहकारी त्यांच्या शेजारी बसून ते काय करतात ते लिहून काढू लागली आणि ते फक्त तपासू लागले. तपासताना त्यांचा उत्साह एकदम वाढे, कारण चूक काढणे हा त्यांचा आवडता भाग होता. त्यातून बरीच टिपणे तयार झाली. काही भाग त्यांनी अजूनही डोक्यातच ठेवला आहे याची मला खात्री आहे, आणि तो निवृत्तीपर्यंत तिथेच राहील असे दिसते. त्यांचा स्वभाव बदलला नाही, आणि तो बदलावा अशी माझी अटही नव्हती. त्यांच्या अनुपस्थितीत काम चालणे ही माझी गरज होती आणि ती बरीचशी भागली.

चौथा विषय पाळीप्रमुखाचा. या माणसाविषयी वरिष्ठांचे मत उत्तम होते. त्याच्या पाळीचे आकडे नेहमी चांगले असत, अहवाल वेळेवर येत, माझ्याशी बोलताना तो कमालीचा नम्र असे. पण गेल्या काही वर्षांत नोकरी सोडून गेलेल्यांच्या तारखा मी जुन्या तक्त्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांतले बहुतेक जण जाण्यापूर्वी त्याच्याच पाळीत होते असे आढळले. राजीनाम्याच्या पत्रांत सगळ्यांनी ‘वैयक्तिक कारण’ लिहिलेले होते. जाणारा माणूस खरे कारण लिहीत नाही, कारण त्याला अनुभवाचा दाखला हवा असतो. हा आकृतिबंध म्हणजे पुरावा नव्हे, हेही मला दिसत होते. त्याच्या पाळीत रात्रीच्या ड्यूट्या जास्त असतील, काम कठीण असेल, अशी दुसरी कारणे संभवत होती. म्हणून त्याच्या पाळीला सर्वांत हलके वेळापत्रक आणि चारही आसनांवर माणसे देऊन पाहिली. नव्या मुलांकडून पाळी बदलून देण्याच्या विनंत्या तरीही येतच राहिल्या.

सावकाश काही गोष्टी कानावर येऊ लागल्या : सगळ्यांसमोर नवख्याची नक्कल करणे, चूक झाली की त्याला उभे करून तीच चूक मोठ्याने वाचायला लावणे, नावडत्या माणसाला विश्रांतीची वेळ नाकारणे. लेखी द्यायला कोणी तयार नव्हते. “माझं नाव त्यांना कळणार नाही ना?” असे एकीने विचारले, तेव्हा मी तिला सांगितले की रीतसर चौकशी झाली तर ज्याच्यावर आरोप आहे त्याला ते आरोप आणि त्यांचा आधार कळवावाच लागतो, ते लपवण्याचे आश्वासन मी देऊ शकत नाही. मी देऊ शकत होते ते एवढेच की चौकशीच्या काळात ती त्याच्या हाताखाली काम करणार नाही आणि तिचे मूल्यमापन तो करणार नाही. दोघांनी लेखी तक्रार दिली, पैकी एकाने नंतर ती मागे घेतली. त्याला मी दोष देत नाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ साली कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ यांविषयी स्वतंत्र करार केला, आणि त्याच्या व्याख्येत शारीरिक इजेबरोबर मानसिक हानीही येते. कृत्य एकदाच घडलेले असो वा वारंवार, दोन्ही तिच्यात बसतात. मनुष्यबळ विभागाशी झालेल्या पहिल्या चर्चेत ‘थोडी थट्टामस्करी आहे, शब्दाने कोणी मरत नाही’ असा सूर लागला होता, तेव्हा ही व्याख्या समोर ठेवण्याचा उपयोग झाला. सर्वांत सोपी वाट म्हणून मला सुचवले गेले की तक्रारदार मुलीची दुसऱ्या विभागात बदली करावी. ही सूचना चांगल्या हेतूने आलेली होती, पण तिचा अर्थ तक्रार करणाऱ्यालाच शिक्षा असा होतो आणि उरलेले सगळे तो अर्थ बरोबर ओळखतात. पाळीप्रमुखाची दुसरीकडे बदली करण्यालाही मी विरोध केला, कारण त्याने प्रश्न सुटत नाही, फक्त शेजाऱ्याच्या अंगणात ढकलला जातो. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याला पगारात काहीही फरक न करता माझ्या थेट देखरेखीखालचे दिवसाचे अहवालाचे काम दिले.

चौकशी विभागाबाहेरच्या तिघांनी केली. मी स्वतः त्या समितीत नव्हते आणि नसावे हेच योग्य होते. त्याला आरोप लेखी मिळाले, उत्तराला मुदत मिळाली, आपले साक्षीदार आणण्याची संधी मिळाली. हे सगळे रेंगाळत चालते, आणि त्या काळात विभागात वावरणे सगळ्यांनाच जड जाते. दोन गट पडले. त्याच्या वेगामुळे पाळीचे आकडे चांगले दिसत होते, ते आता घसरले, आणि त्याचे खापर माझ्यावर फुटले. निकाल काही चित्रपटातल्यासारखा लागला नाही. नक्कल आणि जाहीर अपमान यांचे आरोप सिद्ध झाले, विश्रांती नाकारल्याचा आरोप पुराव्याअभावी सिद्ध झाला नाही. त्याला लेखी ताकीद मिळाली, पाळीप्रमुखपद गेले आणि ठरावीक मुदतींनी आढावा घेण्याचे ठरले. आपल्यावर अन्याय झाला असे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. काही काळाने तो दुसरीकडे नोकरीला गेला. तिथून माझ्याकडे त्याच्याविषयी विचारणा झाली, तेव्हा पद, कालावधी आणि कामाचे स्वरूप एवढेच मी कळवले. अधिक सांगावे का, या प्रश्नावर माझ्या परिचयातल्या अनुभवी माणसांतही एकमत नाही.

दरम्यान मनुष्यबळाच्या मागणीचे टिपण वर गेले होते. पूर्वीच्या फाइलमधली पत्रे ‘कामाचा ताण वाढलेला असल्याने’ अशी सुरू होत आणि त्यांना ‘उपलब्ध मनुष्यबळात भागवावे’ असे उत्तर येई. मी ताणाचा उल्लेखच केला नाही. तासांचा हिशेब, ओव्हरटाइमवर होणारा वार्षिक खर्च, राजीनाम्यामुळे पुन्हा पुन्हा करावे लागणारे प्रशिक्षण आणि आसन रिकामे असतानाच्या प्रतीक्षेची तासवार नोंद, एवढेच एका पानावर मांडले. ओव्हरटाइमची रक्कम नव्या पदांच्या पगाराशेजारी ठेवली की चर्चेचा सूर बदलतो, हे मी इतरांनाही आवर्जून सांगेन. १७ पदांची मागणी होती, १६ मंजूर झाली.

पदे मंजूर झाली की विभागात सुटकेचा नि:श्वास टाकला जातो, पण पुढचे काही महिने अधिक वाईट जातात. आयबीएमच्या मोठ्या संगणकप्रणालीचे काम सांभाळणारे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली लिहून ठेवले आहे की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली तर तो आणखी लांबतो, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो आणि परस्परांशी बोलण्याच्या जोड्या वाढतात. बारा माणसांत अशा ६६ जोड्या होतात, सोळांत १२०. मदत-कक्ष म्हणजे प्रकल्प नव्हे, पण शिकवणारा माणूस तेवढा वेळ फोन घेऊ शकत नाही, हे दोन्हीकडे सारखेच. म्हणून चौघांना एकाच वेळी न घेता दोन टप्प्यांत घ्यावे, असा आग्रह मी धरला.

मुलाखतीच्या बाबतीत निवड समितीतल्या ज्येष्ठांशी माझे मतभेद झाले. त्यांना अनुभवाची वर्षे महत्त्वाची वाटत होती आणि ‘माणूस बघितला की कळतो’ यावर त्यांचा विश्वास होता. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, त्यात निवडीची पद्धत आणि पुढची प्रत्यक्ष कामगिरी यांचा संबंध एका गुणांकाने मांडलेला आहे : शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध. सर्वांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतीचा गुणांक ०.५१ आहे, मनाला येईल तसे विचारलेल्या मुलाखतीचा ०.३८, आणि अनुभवाच्या वर्षांचा केवळ ०.१८. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली हे आकडे पुन्हा तपासून खाली आणले, पण ठरीव मुलाखत ०.४२ वर राहून वरच्याच स्थानी राहिली. शेवटी तडजोड अशी झाली की सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे, प्रत्येक सदस्याने चर्चेपूर्वी स्वतंत्रपणे गुण लिहायचे, आणि उमेदवाराला चिडलेल्या ग्राहकाचा एक नमुना फोन प्रत्यक्ष घ्यायला लावायचा. त्या फोनवर दोन फर्डे उमेदवार निरुत्तर झाले आणि एक अबोल मुलगी आश्चर्यकारक शांतपणे बोलली. आज ती रात्रपाळीचा कणा आहे.

उमेदवारांना रात्रपाळीचे स्वरूप, सुट्टीच्या दिवशीचे काम आणि ग्राहकांची भाषा हे सगळे आधीच मोकळेपणाने सांगितले. त्यामुळे निवड झालेल्यांपैकी एकाने नम्रपणे नकार कळवला, ज्याबद्दल समितीतल्या एका सदस्याने माझ्यावर नाराजी व्यक्त केली. तो नकार रुजू झाल्यानंतर येण्यापेक्षा आधी आलेला बरा, असे माझे मत आहे. तरीही सगळ्या चाळण्यांतून उत्तम गुणांनी उतरलेला एक जण परिवीक्षा काळातच सोडून गेला, आणि त्याचे जे कारण त्याने सांगितले ते आमच्या कोणत्याही प्रश्नावलीत सापडले नसते : त्याला हे काम येत होते, आवडत नव्हते.

त्याची जागा पुन्हा भरली गेली, सतरावे पद मात्र पुढच्या आर्थिक वर्षाच्या विचारार्थ ठेवले आहे. ती तूट आम्ही रात्री एक ते पाच या वेळात चौथे आसन उघडपणे रिकामे ठेवून भागवतो, कारण त्या चार तासांत सर्वांत कमी फोन येतात, आणि रांगेत असलेल्या ग्राहकाला प्रतीक्षा किती असेल हे सुरुवातीलाच ऐकवले जाते. या वेळेला ज्येष्ठ तंत्रज्ञांची लेखी हरकत आहे. जुन्या प्रणालीचा रोजचा बॅकअप एक वाजता सुरू होतो आणि तो अडकला तर पहिल्या तासातच फोन वाढतात, त्यामुळे ही सवलत दोन ते सहा अशी असावी, असे त्यांचे म्हणणे आहे. गेल्या तिमाहीच्या नोंदी त्यांनी सोबत जोडल्या आहेत, त्या त्यांच्या बाजूने दिसतात, आणि पुढचा तक्ता लावण्यापूर्वीच्या बैठकीत हा विषय पहिला घेतला आहे.